संडासातून रक्त जाणे म्हणजे दरवेळी मूळव्याध नव्हे

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



ऊस विकास अधिकाऱ्याने आजारावर का लिहावे, असे कोणाला वाटेल. कारण साधे आहे. लागणीची नोंद, खोडव्याची पाहणी, तोडीची तारीख यासाठी उमरखेड, महागाव, पुसद भागात घरोघरी जाणे होते. ओसरीवर बसले की उसाबरोबर घरच्या दुखण्याच्याही गोष्टी निघतात. त्यातले एक दुखणे नेहमी शेवटी आणि आवाज खाली करून सांगितले जाते. महिनोन् महिने जुलाब, त्यात आव व रक्त, पोटात कळ, वजन उतरलेले. लाजेपायी कोणाला सांगितलेले नसते. औषध मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून चालू असते.

ऊस पिवळा पडला की काही जण लगेच युरियाची गोणी फोडतात. पण पिवळेपणा लोह कमी पडल्याने येतो, पाणी साचल्याने येतो, मुळाशी हुमणी लागली तरी येतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी एक बेट उपटून मुळाशी पाहा. पोटाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

आजार कोणता?

आतड्याला कायमची सूज येण्याचे दोन मुख्य आजार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर जखमा होतात. दुसरा क्रोनचा आजार. न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, असे डॉक्टर समजावून सांगतात. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही, आणि कोणाच्या पापाचे फळही नाही.

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, हाही गैरसमज आहे. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण निश्चित झाले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. आपल्या तालुक्यांतही असे रुग्ण असणारच.

चूक कोठे होते?

रक्त दिसले की मूळव्याध समजून गावठी उपाय होतो. आव दिसली की आमांशाच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेतल्या जातात. क्रोनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, नेमक्या त्याच जागी आतड्याचा क्षयही होतो, आणि दोन्हींची लक्षणे सारखी असतात. त्यामुळे डॉक्टर कधी आधी क्षयाची औषधे सुरू करतात. तेही योग्य असू शकते. मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून फरक पडला का, हे पाहावेच लागते. ती फेरतपासणी चुकवू नये.

खरे निदान दुर्बिणीतून आतडे पाहून व तुकडा तपासून होते. दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस जुलाब असतील, रक्त जात असेल, तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. पोटविकारतज्ज्ञांची गरज पडल्यास नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जाता येते. उमरखेडकडच्यांना नांदेडही जवळ आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. ही योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च वेगळा धरावा.

औषधाचे चार नियम

स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीसाठी तयार करवून घेतलेले सल्फासालाझिन हे औषध आतड्याच्या जखमांवर लागू पडले, ही १९४० च्या दशकातली गोष्ट. आज मेसालामीनसह अनेक औषधे आहेत. आजार मुळासकट जात नाही, पण बहुतेकांचा आटोक्यात राहतो.

१) बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. आजार पुन्हा उसळतो.
२) स्टेरॉइड एकदम थांबवू नये. डॉक्टर सांगतील तसेच कमी करावे.
३) अंग दुखले की दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नये. त्याने आजार चाळवू शकतो.
४) क्रोन असेल तर विडी-सिगारेट सोडावीच.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब होऊन वर ताप आला, नाडी जोरात चालू लागली किंवा पोट फुगले, तर जुलाब बंद करण्याची गोळी घेत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आजार आठ-दहा वर्षांचा जुना असेल, तर कर्करोगाच्या शंकेसाठी ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

पथ्याच्या नावाखाली माणसाला उपाशी ठेवू नये. आजार उसळला असताना तिखट आणि चोथ्याचे पदार्थ कमी करावेत, एरवी सोसेल ते पोटभर द्यावे. मुलीला हा आजार आहे म्हणून लग्न, मूलबाळ अशक्य असे समजू नये. आजार शांत असताना, डॉक्टरांना आधी विचारून दिवस राहिले तर बहुतेकींचे बाळंतपण नीट पार पडते. एखाद-दुसरे औषध गरोदरपणात चालत नाही, म्हणून आधी विचारणे महत्त्वाचे.

आपण काय करायचे?

या रुग्णाला औषधाइतकीच संडासाची चिंता असते. एस.टी.चा प्रवास, काट्यावरची रांग, वावरातले दिवसभराचे काम, प्रत्येक ठिकाणी त्याला हाच घोर असतो. म्हणून तो लग्नाला जात नाही, सभेला येत नाही, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. त्याने गडबडीने संडास विचारला तर हसू नका, वाट दाखवा. रांगेत त्याची गाडी घडीभर सांभाळा. बाईमाणूस असेल तर तिला सांगणे दुप्पट अवघड जाते. घरातल्या सासूने वा जावेने आपणहून विचारावे. रुग्ण भरती असताना तोडीची पाळी येत असेल, तर घरच्यांनी गट ऑफिसला आधी कळवावे. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही, अडचण सांगितली तरी पुरे.

ज्यांना हा आजार होऊन गेली काही वर्षे औषधावर ठीक चालले आहे, त्यांनी नव्या रुग्णाशी एकदा बोलावे. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत जे विचारायचे राहून जाते, ते अशा माणसाजवळ बसून विचारता येते. आपल्याच गावचा माणूस हे दुखणे घेऊन शेती करतो, हे दिसले की अर्धा धीर येतो.