गुलाबी साडी: चित्रपटाविना गाजलेलं मराठी गाणं

परवा लवासात, दासवेच्या तळ्याकाठी एक कुटुंब फोटो काढत होतं आणि मोबाइलवर वाजत होतं 'गुलाबी साडी'! मला या गाण्याचं फार कौतुक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये ते आलं, तेही कुठल्याच चित्रपटाच्या आधाराशिवाय. जळगावकडच्या संजू राठोडने लिहिलं, गायलं. संगीताला साथ जी-स्पार्कची, पडद्यावर प्राजक्ता घाग. त्याआधी 'नऊवारी पाहिजे' या गाण्याने संजूला ओळख दिलीच होती.

माझ्या मते खरी कमाल शब्दांत आहे. नटूनथटून तयार झालेली बाई आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते. म्हणजे गाण्याचा विषयच कॅमेऱ्यासमोर उभं राहणं! मग रील करणाऱ्यांना वेगळं काही सुचवावंच लागलं नाही; कपाटातली साडी काढली की झालं. बोली घरातली, ठेका आजचा. माधुरी दीक्षितही त्यावर थिरकली आणि मराठी न समजणारेही नाचले.

1987 मध्ये व्हेनेसा पॅराडी या चौदा वर्षांच्या मुलीचं 'जो ल टॅक्सी' हे फ्रेंच गाणं असंच भाषेची सीमा ओलांडून गाजलं. फ्रान्समध्ये ते अकरा आठवडे पहिलं होतं, ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेही फ्रेंचमध्येच.

दोन्ही गाणी एकामागोमाग ऐका आणि कसं वाटलं ते नक्की सांगा.