पाठ आणि पोट: हातघडीचा लाँगबो निवडताना

२०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. ते सामने ज्यांनी पाहिले, त्यांना धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं आठवत असतील. दोरी पूर्ण ओढली की बराचसा भार ती चाकं पेलतात आणि नेम धरायला उसंत मिळते. इंग्लिश लाँगबोमध्ये ही उसंत नाही. दोरी जितकी मागे जाईल तितका भार वाढत जातो आणि सगळ्यात जड क्षण नेमका नेम धरायचा असतो. चाक नाही, दुर्बीण नाही, बाण टेकवायला साधी खाचही नाही. बाण मुठीवरच ठेवायचा. माणूस आणि बाण यांच्यामध्ये एक लाकडी काठी आणि एक दोरी, एवढंच.

त्यामुळे कंपाउंड विकत घेताना जे प्रश्न विचारतात, ते इथे फारसे उपयोगाचे नाहीत. स्क्रू फिरवून भार कमी-जास्त करता येत नाही, लांबी बदलता येत नाही. कारागिराने जे घडवलं ते घडवलं. लाकडाचं नाव, मुठीचं चामडं, शिंगाच्या टोकांवरची नक्षी हे सगळं नंतर. आधी पाहायचं ते हे, की ही काठी माझ्या हातांच्या लांबीला नीट वाकते का आणि माझा खांदा ती दिवसभर ओढू शकतो का.

जुन्या काळी लाँगबो म्हणजे यू वृक्षाचं लाकूड. त्यामागे एक नैसर्गिक योगायोग आहे. यूच्या खोडात सालीलगत फिकट, पांढरट लाकडाचा थर असतो आणि आत लालसर-तपकिरी गाभा. पांढरं लाकूड ताण सोसतं, गाभ्याचं लाकूड दाब सोसतं. धनुष्य वाकलं की समोरची बाजू ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू दाबली जाते. समोरच्या बाजूला पाठ म्हणतात, आपल्याकडच्या बाजूला पोट. खोड उभं चिरून पांढरं लाकूड पाठीला आणि गाभा पोटाला राहील अशी काठी काढली की दोन वेगवेगळी लाकडं चिकटवल्याचा गुण एकाच तुकड्यात मिळतो, तोही सरस न लावता. काठीचा छेद घेतला तर पाठ सपाट आणि पोट गोलाकार दिसतं.

हे लाकूड मिळवण्यासाठी इंग्लंडने काय काय केलं, ते वाचण्यासारखं आहे. इंग्लंडचा यू बहुधा गाठाळ आणि वेडावाकडा वाढतो. उंच, थंड डोंगरावर सावकाश वाढलेल्या झाडाची वलयं दाट येतात आणि लाकूड सरळ निघतं. म्हणून काठ्या युरोपातून आणवल्या जात. १४७२ साली कायदा झाला की इंग्लंडच्या बंदरात येणाऱ्या जहाजाने दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४मध्ये माल्मसी दारूच्या दर पिंपामागे दहा काठ्यांची सक्ती झाली. त्याच्या आधी, १३६३ साली, तिसऱ्या एडवर्डने सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याचा हुकूम काढला होता. क्रेसी (१३४६) आणि अजिंकूर (१४१५) इथल्या विजयांची चर्चा सगळे करतात. मला सुट्टीच्या दिवशीच्या या सरावाचं महत्त्व जास्त वाटतं. लाँगबो हे शस्त्र विकत घेता येत होतं, पण तो ओढणारा खांदा लहानपणापासून घडवावा लागत होता.

तो खांदा किती घडवावा लागत असे, हे १९८२ साली जगाला दिसलं. आठव्या हेन्रीची युद्धनौका ‘मेरी रोझ’ १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्स्मथजवळ बुडाली होती. तिचा सांगाडा १९८२च्या ऑक्टोबरमध्ये वर काढला, आणि त्या शोधकामात १७२ धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण हाती आले. गाळाने चारशे वर्षांहून अधिक काळ लाकूड जपून ठेवलं होतं. धनुष्यांची लांबी सुमारे १.८७ मीटरपासून २.११ मीटरपर्यंत. त्यांच्या प्रतिकृती आणि मापं यांवरून अभ्यासकांनी ओढीचा भार साधारण १०० ते १८५ पौंड असावा असा अंदाज बांधला. त्या कामात सल्ला देणाऱ्यांपैकी एक होते अभिनेते रॉबर्ट हार्डी. जेम्स हेरियटच्या गुरांच्या डॉक्टरांवरच्या मालिकेत सिगफ्रीडची भूमिका करणारे हेच. लाँगबोवर त्यांनी आयुष्यभर मन लावून अभ्यास केला.

आणि इथेच नव्या खरेदीदाराची गफलत होते. मेरी रोझची गोष्ट वाचून माणूस साठ-सत्तर पौंडांचं धनुष्य मागतो. पहिल्याच महिन्यात मनगट, कोपर आणि खांदा दुखायला लागतात. त्याहून वाईट म्हणजे धनुष्य ओढण्यात सगळी शक्ती गेल्यामुळे नेमाचं अंगवळण चुकीचं बसतं. नव्याने सुरू करणाऱ्याला तीस-पस्तीस पौंड पुरेसे आहेत. तब्येतीने मजबूत असला तरी चाळीस. एवढ्या भाराचं धनुष्य साठ यार्डांपर्यंत सुरेख चालतं. जास्त भाराचं धनुष्य वर्षा-दोन वर्षांनी घेता येतंच, तोवर पहिलं हातातून सुटत नाही.

भाराचा आकडा वाचायची पण एक रीत आहे. मुठीजवळ ‘४० पौंड, २८ इंच’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दोरी २८ इंच मागे ओढली तेव्हा ४० पौंड. तुमची ओढ २८ इंच नसेल, तर तो आकडा तुमचा नाही. आपली ओढ ढोबळमानाने काढायची तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतची वाव इंचात मोजायची आणि अडीचने भागायची. पाच फूट पाच इंच वाव असली तर २६ इंच येतात. अशा माणसाच्या हातात ते धनुष्य पस्तीसच्या आसपासच भरतं, कारण शेवटच्या प्रत्येक इंचाला दोन-अडीच पौंड वाढत असतात. उलट लांब हातांच्या माणसाने २६ इंचांसाठी घडवलेलं धनुष्य ३० इंच ओढलं, तर ते मोडण्याचीच शक्यता अधिक. पूर्ण ओढलेलं धनुष्य नऊ दशांश मोडलेलं असतं, असं इंग्लिश कारागीर म्हणत आले आहेत. लांबीचं सांगायचं तर धनुष्य साधारण नेमबाजाच्या उंचीएवढं किंवा त्याहून थोडं मोठं असावं. फार आखूड धनुष्यात लाकडाला फार जास्त वाकावं लागतं आणि शेवटच्या इंचांना भार एकदम चढतो.

लाकूड वाकायला शिकतं ते टिलरिंग नावाच्या कामात, आणि धनुष्याचं खरं मोल तिथेच ठरतं. काठी कानशीने, सुरीने आकाराला आणली की कारागीर ती भिंतीवरच्या आडव्या आधारावर ठेवतो. खाली लोंबेल अशी लांब दोरी दोन्ही टोकांना बांधतो आणि ती दोरी पुलीवरून हळूहळू खाली ओढतो, आधी चार इंच, मग सहा. मागे सरकून, एक डोळा मिटून, तो वक्र पाहतो. काठीचा वरचा अर्धा भाग एका जागी ताठ दिसला तर तिथे पेन्सिलने खूण करतो, काठी उतरवतो, खरवडणीने दोन-चार पापुद्रे काढतो, तेही पोटाकडून. पाठीला हात लावायचा नाही, कारण पाठीवर लाकडाचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. ते कापलं गेलं की तिथून चिंध्या निघतात. मग काठी पुन्हा आधारावर, वीस-पंचवीस वेळा हलकेच ओढणं, लाकडाला आपली नवी जाडी कळू देणं, आणि पुन्हा पाहणं. एखाद्या जागी जास्त वाकलं तर तिथलं काहीच काढता येत नाही, म्हणून त्या जागेला सोडून बाकी सगळं कमी करायचं आणि त्या बदल्यात भार गमवायचा. गाठ आली तर गाठीभोवती लाकूड थोडं उंच ठेवायचं. चांगल्या धनुष्याचं पोट म्हणूनच कधीकधी उंचसखल दिसतं. तशा उंचवट्याला दोष समजून धनुष्य परत देणारे खरेदीदार असतात. खरं तर तिथेच कारागिराची समज दिसते.

खरेदी करताना हेच डोळ्यांनी पाहायचं असतं. दुसऱ्या कोणाला धनुष्य अर्धवट ओढायला सांगा आणि बाजूने उभे राहा. वक्र दोन्ही बाजूंना सलग उतरला पाहिजे, कुठे बिजागरी आल्यासारखा मोडलेला नको. जुन्या लढाऊ पद्धतीचं धनुष्य मुठीतसुद्धा किंचित वाकतं. एकोणिसाव्या शतकातल्या स्पर्धांच्या धनुष्यात मूठ ताठ असते, सोडताना हाताला धक्का कमी बसतो. १८४४ साली यॉर्कला सुरू झालेल्या राउंडमध्ये १००, ८० आणि ६० यार्डांवर मिळून १४४ बाण सोडायचे असतात. असा दिवस काढायचा असेल तर ताठ मुठीचं धनुष्य सुखाचं. दोरी चढवलेलं धनुष्य टोकाकडून पाहिलं तर दोरी मुठीच्या मधोमध गेली पाहिजे. मग पोटावर नखाने चाचपा. आडव्या बारीक रेषा दिसल्या तर लाकूड दबून चिरलंय असं समजा. पाठीवर बारीक कपचा उठलेला दिसला तर धनुष्य तसंच खाली ठेवा, कितीही स्वस्त असो.

यूच पाहिजे का? माझं मत, पहिल्या धनुष्याला नको. चांगला यू महाग असतो, आणि आपल्याकडच्या उन्हात आणि पावसाळी दमटपणात एकाच तुकड्याचं लाकूड ओलावा घेतं, भार उतरतो. लेमनवूडच्या पोटावर हिकरीची पाठ, किंवा इपेच्या पोटावर बांबूची पाठ, अशी चिकटवलेली धनुष्यं स्थिर असतात आणि चुका माफ करतात. बांबूची पाठ ताण सोसण्यात अप्रतिम आहे. आपल्याकडे इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात बांबूचंच धनुष्य वापरतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्या नेमबाजांना पटवून द्यायला नको. शिवाय यूवर आणखी एक ताण आहे. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पॅसिफिक यूच्या सालीत सापडलं, आणि मग हिमालयातला यूही त्यासाठी इतका ओरबाडला गेला की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. यूचं धनुष्य घ्यायचंच तर लाकूड कुठून आलं, हे विचारायला संकोच करू नये.

बाणांकडे दुर्लक्ष केलं तर सगळा हिशेब फुकट जातो. बाण मुठीच्या कडेला असतो, धनुष्याच्या मधोमध नाही, म्हणून सुटताना त्याला लाकडाभोवती वाकून पुन्हा सरळ व्हावं लागतं. बाणाची ही लवचीकता धनुष्याच्या भाराशी जुळली पाहिजे. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. नवख्याला वाटतं आपला नेम चुकतोय, आणि तो नेम बदलत बसतो. पिसं खरीच हवीत, एकाच बाजूच्या पंखांतली. प्लास्टिकचं पातं मुठीवर आपटून बाण भरकटतो. बाण घेताना एकाच वजनाचा आणि एकाच लवचीकतेचा डझन एकदम घ्यावा. धनुष्य बनवणाऱ्याकडेच बाण मागितले तर उत्तम, कारण त्याने स्वतःच्या हाताने तो भार मोजलेला असतो.

ऑर्डर देताना कारागिराला आपली ओढ, उंची, कोणता हात आणि काय सोडायचं आहे हे सांगावं, आणि मग वाट पाहावी. यूची काठी काही वर्षं वाळवावी लागते आणि चांगल्या हातांकडे यादी असते. धनुष्य आल्यावर दोरी चढवून, बाण न लावता ओढून कधीही सोडू नये; बाणाने नेलं नाही तर ते बळ लाकडात परत येतं. पहिल्या दिवशी अर्धी ओढ, मग हळूहळू पूर्ण. पूर्ण ओढून ताटकळत थांबायचं नाही, आणि घरी परतताना दोरी उतरवायची. सुरुवातीच्या काही शे बाणांमध्ये नव्या लाकडाचा भार थोडा उतरतो, म्हणून काही कारागीर मागितल्यापेक्षा एखाद-दोन पौंड जास्तच ठेवून धनुष्य हातात देतात आणि तेवढे बाण झाले की पुन्हा काट्यावर चढवायला बोलावतात.