कार्निव्हलच्या आधीचे आठवडे

कॅनडातल्या अनेक फ्रेंच इमर्शन शाळांना फेब्रुवारी जवळ आला की कार्निव्हलचे वेध लागतात. मूळ उत्सव क्वेबेक शहराचा. तिथे पहिला मोठा हिवाळी कार्निव्हल १८९४ मध्ये झाला. मधल्या काळात खंड पडला, पण १९५५ पासून तो पुन्हा नेमाने भरू लागला. बर्फाचा महाल, रात्रीच्या मिरवणुका, हिमखंड वाहून नेणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीतली होड्यांची शर्यत आणि या साऱ्याचा यजमान ‘बोनॉम’, म्हणजे लाल टोपी घातलेला, कमरेला रंगीत पट्टा बांधलेला पांढराशुभ्र हिममानव. शाळा या उत्सवाची एक दिवसाची छोटी आवृत्ती आपल्या मैदानात उभी करतात.

इमर्शन शाळेत गणित, विज्ञान, चित्रकला असे विषयही फ्रेंचमधूनच शिकवले जातात. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजीभाषक पालकांनी नेट लावला आणि बालवाडीचा असा वर्ग सुरू झाला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्या मुलांच्या प्रगतीचा अभ्यास केला आणि ही पद्धत देशभर पसरली. ती मुळातच घरात फ्रेंच नसलेल्या मुलांसाठी आहे. त्यामुळे घरी मराठी, मैदानात इंग्रजी आणि वर्गात फ्रेंच असे मूलही इथे उपरे ठरत नाही.

या वर्गांची एक अडचण मात्र जुनी आहे. मुलांना ऐकलेले फ्रेंच चांगले कळते, पण बोलणे त्या मानाने मागे राहते. इमर्शनच्या मुलांचे निरीक्षण करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की भाषा नुसती कानावर पडून पुरत नाही, मुलांना ती बोलावी लागली पाहिजे. उत्सवाच्या तयारीचे खरे मोल इथे आहे. भिंती सजवण्यात आठवडे घालवले, तर मुलांच्या हाती कागदाचे हिमकण उरतात. त्या दिवशी कोणते मूल कुठे, कुणाशी, काय बोलणार हे आधी ठरवले, तर त्याच आठवड्यांत वाक्ये तोंडी बसतात.

सुरुवात कपड्यांपासून होते. उणे तापमानात मैदानात जायचे तर आधी बर्फात घालायची पँट, मग बूट, मग कोट, टोपी आणि सर्वांत शेवटी हातमोजे. क्रम चुकला की पाच वर्षांच्या मुलाला मोजे घातलेल्या हातांनी कोटाची चेन ओढता येत नाही. शिक्षिका रोज हाच क्रम फ्रेंचमध्ये म्हणते, मुले तिच्यामागून म्हणत कपडे चढवतात. इतके पाठांतर दुसऱ्या कुठल्या धड्याचे क्वचितच होत असेल! ‘झे फ्र्वा’ (मला थंडी वाजते), ‘सेतामोंतूर’ (माझी पाळी) अशी वाक्ये मुले आधी अखंडच उचलतात. त्यांतला शब्द न् शब्द सुटा करून सांगण्याची या वयात गरज नसते.

मग पट्टा. बोनॉमच्या कमरेचा तो बाणांच्या नक्षीचा पट्टा जुन्या फ्रेंच कॅनडातला, लोकरीचे धागे मागाशिवाय नुसत्या बोटांनी विणून केलेला. ते काम लहान बोटांच्या आवाक्यातले नाही. वर्गात तीन पदरी वेणी पुरते. लोकरीचे गुंडे शिक्षिकेने स्वतःजवळ ठेवावेत. लाल धागा हवा असेल त्याने तो मागायचा. मूल इंग्रजीत बोलले, तर रागावण्याचे कारण नाही. शिक्षिका तेच वाक्य फ्रेंचमध्ये म्हणते, मूल पुन्हा म्हणते आणि धागा हातात पडतो.

मुलांच्या सर्वांत आवडीची गोष्ट मेपलच्या पाकाची. मेपलचे सिरप आणखी आटवून दाट करतात आणि ट्रेमध्ये दाबलेल्या स्वच्छ बर्फावर त्याच्या रेघा ओततात. क्षणात पाक चिवट होतो. तो लाकडी काडीवर गुंडाळून खायचा. पाक शंभर अंशांहून बराच गरम असल्याने ओतण्याचे काम मोठ्यांचेच आणि मुलांची रांग ट्रेपासून लांब हवी. या रांगेची रंगीत तालीम वर्गात होते. रिकामा ट्रे, काड्या, एक मूल विक्रेता, बाकीची गिऱ्हाइके. नमस्कार, मागणी, आभार, एवढाच संवाद. पण रोज भूमिका बदलल्या, तर आठवड्याभरात लाजरे मूलही विक्रेता होऊन जाते.

पोशाखातला बोनॉम शाळेत येणार असेल, तर त्याचीही पूर्वतयारी लागते. चित्रात हसरा वाटणारा हा पाहुणा समोर आला की दारात मावत नाही इतका मोठा दिसतो, आणि काही मुले रडू लागतात. आधी फोटो दाखवावेत, तो कुठून येईल, काय करेल हे सांगावे, आणि लांबून हात हलवण्याची मुभा ठेवावी. भ्यायलेल्या मुलाच्या तोंडून पाठ असलेला शब्दही फुटत नाही.

दुसऱ्या दिवशीचा तास राखून ठेवणे फार महत्त्वाचे. कार्यक्रमाचे फोटो क्रमाने लावून ‘मी खाल्ले’, ‘मी पडलो’, ‘आम्ही ओढले’ अशी वाक्ये मुलांकडून म्हणवून घेता येतात. फ्रेंच भूतकाळाची रूपे इमर्शनच्या मोठ्या मुलांनाही अडखळवतात. इथे ती काल घडलेल्या गोष्टींना चिकटून येतात, म्हणून लक्षात राहतात. हेच फोटो घरी पाठवले, तर फ्रेंच न येणाऱ्या आईबाबांना आणि आजीआजोबांनाही मुलाकडून सारा दिवस ऐकता येतो, हव्या त्या भाषेत.