फडमालकाची मिळकत

ढोलकीचा तमाशा ही कला आहे, तसाच तो घराण्याने चालवायचा व्यवसायही आहे. कलावंत, वादक, सोंगाडे, मजूर, स्वयंपाकी, चालक अशी शंभरावर माणसे मोठ्या फडात असतात. या सगळ्यांचे पोट ज्याच्या हिशेबावर चालते, तो फडमालक. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि खानदेश, हा या फडांचा मुख्य मुलूख.

हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पहिल्या काही महिन्यांत फड गावोगावी तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. पुढे गावच्या जत्रा सुरू झाल्या की सुपारी घेऊन खेळ होतात. सुपारी ठरवण्याची मोठी पेठ म्हणजे पुणे जिल्ह्यातील नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या यात्रेसाठी तमाशा ठरवतात. चैत्र पौर्णिमेसारख्या तिथीला एकाच दिवशी अनेक गावांची यात्रा असते. त्या दिवसाचा दर सर्वांत चढा.

कमाईआधी खर्च सुरू होतो. चांगला कलावंत फडात टिकवायचा तर हंगामापूर्वीच त्याला उचल द्यावी लागते. ही रक्कम बहुतेक वेळा व्याजाने काढलेली असते. त्यावर डिझेल, ट्रकची दुरुस्ती, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, कपडे आणि रोजचे दोन वेळचे जेवण यांचा भार पडतो. हंगामात हातात खेळणारा पैसा मोठा दिसतो, पण पावसाळ्यात तो कर्ज फेडण्यात आणि नव्या उचलींत जातो. अवकाळी पाऊस किंवा दुष्काळ आला की हिशेब कोलमडतो. पीक बुडालेल्या गावात तिकीट कोण काढणार?

त्यामुळे फडमालकाच्या संपत्तीत ट्रक, तंबू, कनाती आणि वाद्ये धरली, तरी सर्वांत मोलाचे असते फडाचे नाव. पंच सुपारी देतात ती नावाला, म्हणून वारसाहक्काने पुढे जाते तेही नावच. नारायणगावचे भाऊ-बापू मांग यांचा फड भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५–२००२) यांनी कीर्तीला नेला. त्यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. प्रयोग चालू असताना प्रसूती झाली आणि त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभा केला आणि पुढे मुलगा नितीनकुमार यांच्या जोडीने तो चालवला.

दुसरे उदाहरण संगमनेरच्या कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांचे. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या गाजल्या आणि त्यांच्याशी संसारही केला. खेडकर १९६४ मध्ये गेल्यावर फडातले स्थान गेले. लहान मुलांना घेऊन त्यांनी १९६९ मध्ये स्वतःचा फड उभारला. मुलगा रघुवीर खेडकर आणि मुली त्याच रंगमंचावर वाढल्या. आईचे आणि मुलाचे नाव फडाच्या फलकावर एकत्र झळकू लागले. घरची माणसेच नायक, नर्तकी, सोंगाडे आणि व्यवस्थापक असल्याने अशा फडाला अडचणीच्या काळात तग धरता येतो.

ही तग धरण्याची शक्ती २०२० आणि २०२१ मध्ये पणाला लागली. टाळेबंदीने सलग दोन वर्षे यात्रा बंद राहिल्या, उचली देऊन झाल्या होत्या आणि खेळ मात्र थांबले. अनेक कलावंत शेतमजुरीला आणि मिळेल त्या कामाला लागले. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि ऑर्केस्ट्रा यांच्याशी स्पर्धा आधीपासून होतीच. राज्य शासन तमाशा फडांना अनुदान देते आणि २००६ च्या सुमारास सुरू झालेला विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कारही देते. सन्मान योग्यच आहे, पण फड जगवायचा तर उचलीसाठी स्वस्त कर्ज, कलावंतांना विमा आणि पावसाळ्यातील चार महिन्यांना आधार या तीन गोष्टींची गरज अधिक आहे.