पिकअपची खरी कमाई हप्ते फिटल्यावर

मालवाहू पिकअप घेणारा माणूस पहिली चार-पाच वर्षे ती बँकेसाठीच चालवतो. हप्ते फिटले की त्याच गाडीचा पैसा घरात येऊ लागतो. पण हप्त्याच्या ताणात ऑइल बदलणे पुढे ढकलले जाते, लायनर ‘अजून चालतील’ म्हणून ठेवले जातात, आणि कर्ज संपते त्याच सुमाराला गाडीही संपलेली असते. हे टाळता येते. त्यासाठी गाडीत नेमके काय झिजते आणि का झिजते, हे समजून घ्यायला हवे.

पुण्याचे या गाड्यांशी जुने नाते आहे. १९८६ ची टाटा ४०७ आणि २००५ ची टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, या दोन्ही इथल्याच कारखान्यात आकाराला आल्या. आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात बोलेरो पिकअपही सगळीकडे दिसते. या गाड्यांना पुण्याचा भूगोल मात्र अवघड आहे. सासवडचा वाटाणा आणि अंजीर दिवे घाटातून येतात, साताऱ्याकडचा माल कात्रजवरून. म्हणजे गाडी भरलेली असताना उतार आणि रिकामी असताना चढ. इंजिनापेक्षा ब्रेकचीच परीक्षा जास्त.

गाडी मालासकट ३ टनांची आहे आणि तिला २०० मीटर खाली उतरायचे आहे, असे समजा. एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते, तिने सुमारे १७ लिटर थंड पाणी उकळीला येईल. पाय सतत ब्रेकवर असेल तर ही जवळजवळ सगळी उष्णता ड्रम, डिस्क आणि लायनरमध्ये साठते. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, ही आणखी एक अडचण. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसते खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, पातळी पूर्ण असली तरी. घाटात ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे बराच भार इंजिन पेलते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणाऱ्याचे वाचलेले डिझेल लायनरच्या बिलात जाते, आणि जीव धोक्यात पडतो तो वेगळाच.

मागच्या पाट्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त चुकीची दुरुस्ती तिथेच होते. दोन-तीन वर्षे जादा माल वाहिला की पाट्यांचा बाक जातो. ‘पाटे बसले’ म्हणतात ते हेच. मग मालक एक-दोन पाटे वाढवून घेतो. गाडी उंच दिसते, पण तिची क्षमता काही वाढत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. रिकामी असताना प्रत्येक खड्ड्याचा धक्का आता सरळ चेसीला बसतो. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब देणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती खाली बसली, यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढवल्यावर गाडी बसतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट लागतात. मिस्त्रीने हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवला नसेल तर दिवे घाटात त्याचा प्रत्यय येतो. पाटे बसले असतील तर मूळ मापाचा नवा संच घालावा, सोबत बुश आणि सेंटर बोल्ट बदलावा, आणि काही दिवस माल वाहिल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागचा सरकतो. जादा माल भरल्यास कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. पण चेसीला बसणारी त्याची किंमत त्याहून मोठी असते आणि तिची पावती मिळत नाही.

इंजिनाचे गणित किलोमीटरवर चालते, आणि शहरात ते फसते. हायवेला ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. हडपसर-स्वारगेटच्या गर्दीत ताशी २० ने तेच अंतर म्हणजे ५०० तास. मीटर दोन्हीकडे सारखाच, पण ऑइल अडीचपट वेळ राबलेले. यार्डाच्या रांगेत चालू ठेवलेली गाडी तर मीटरवर दिसतच नाही. शहरात फिरणाऱ्या गाडीचे ऑइल आणि फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीच घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. ज्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ आहे, तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावे लागते, तरच आतली काजळी जळते.

सुटे भाग घेताना हात कुठे आखडायचा, हेही ठरलेले असावे. आरसे, दिव्याच्या काचा, फाळक्याच्या कड्या नाना पेठेतून स्वस्तात आणा. लायनर, व्हील बेअरिंग, फिल्टर, क्लच प्लेट मात्र अस्सलच. रिमोल्ड टायर पुढे कधीही नको.

गंज हा सर्वांत शांत शत्रू. खताच्या पोत्यांतून सांडलेले दाणे आणि मासळीच्या पेट्यांमधले खारे पाणी हौद्याच्या फटीतून चेसीवर उतरते. असा माल वाहिला की त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्याने धुवावी. हौद्यात रबराची चटई असेल तर ती उचलून धुवावी. तिच्याखालीच पत्रा आधी सडतो. ग्रीसिंग पावसाळ्यात जास्त वेळा करावे, कारण पाणी जुने ग्रीस बाहेर काढते.

मालवाहू गाडीचे पासिंग ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. ८ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पासिंगच्या आदल्या आठवड्यात घाईने रंग मारण्यापेक्षा महिनाभर आधी गाडी मिस्त्रीकडे वर उचलून घ्यावी आणि स्वतः खाली वाकून पाहावी.

एक वही मात्र ठेवाच. तारीख, मीटर, काम आणि खर्च. वर्षाचा दुरुस्तीखर्च चाललेल्या किलोमीटरने भागला की गाडी राखायची की विकायची, हे आकडाच सांगतो. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच पुन्हा बांधता येतात, आणि बांधलेले इंजिन पुढची कित्येक वर्षे चालते. पण चेसीला पाट्यांच्या हँगरजवळ तडा गेला असेल तर त्यावर वेल्डिंग करून घाटातून माल आणू नका. ती गाडी तिथेच थांबवा.