स्वस्त मोटारीचे मोल

बैलबाजारात गेलेला शेतकरी दावणीला बांधलेले जनावर पाहून लगेच पैसे मोजीत नाही. तो आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो आणि बैल दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, यावरून त्याच्या वयाचा अंदाज घेतो. मग तो खांदा चाचपतो, खूर पाहतो, जनावर चार पावले चालवून पाहतो. एवढे झाल्यावरच सौद्याची बोलणी सुरू होतात. विकणाऱ्याला जनावराची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला ती ठाऊक नसते, हे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने त्याला शिकविलेले असते. जुनी मोटार घेणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा असतो. मात्र मोटारीचे दात एका दृष्टिक्षेपात मोजता येत नाहीत.

नव्या मोटारीची किंमत कित्येक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. अशा वेळी चाळीस-पंचेचाळीस हजार रुपयांत एखादी चालू गाडी मिळते आहे, असे कळले की घरात आनंदाची लहर उठते. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेता येईल, मुलांना पावसात भिजावे लागणार नाही, अशी स्वप्ने रंगू लागतात. ही स्वप्ने मुळीच गैर नाहीत. परंतु गाठीचा पैसा खर्च करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे आवश्यक असते : ही गाडी इतकी स्वस्त का?

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात केला. अमेरिकेत वाईट निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. जुन्या मोटारींच्या बाजारात अशी लिंबेच अधिक का येतात, हे त्यांनी उलगडून दाखविले. त्यांचा विचार एका उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, चांगल्या स्थितीतील जुन्या गाडीचे मोल दोन लाख रुपये आहे आणि खराब गाडीचे एक लाख. दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच चकचकीत दिसतात. घेणाऱ्याला त्यांतील भेद कळत नसल्यामुळे तो मधली, म्हणजे दीड लाखाची किंमत देऊ करतो. ती ऐकून खराब गाडीचा मालक मनातून सुखावतो. परंतु चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी बाजारातून परत नेतो. अशा रीतीने चांगल्या गाड्या घटत गेल्या की घेणारे आणखी कमी किंमत देऊ करतात आणि उरलेल्यांतील बऱ्या गाड्याही निघून जातात. एकाला माहीत आणि दुसऱ्याला अज्ञात, एवढ्या एका गोष्टीमुळे सारा बाजार बिघडतो. याच निबंधात अकेरलॉफ यांनी पूर्वेकडील गृहिणींचाही उल्लेख केला आहे. तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे व आकाराचे खडे त्यांना निवडीत बसावे लागते. विषय क्षुल्लक आहे, असे म्हणून काही संपादकांनी हा निबंध परत पाठविला होता. पुढे २००१ मध्ये याच विचारासाठी अकेरलॉफ यांना आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त गाडी वाईटच असते, असा नव्हे. मालकाची दूरच्या गावी बदली झालेली असते, घरातील गाडी चालविणारी व्यक्ती थकलेली असते, किंवा त्या बनावटीची गाडी कारखान्याने बंद केल्यामुळे तिला गिऱ्हाईक नसते. अशा कारणांनी गाडीचे मोल न घटताही तिची किंमत उतरते. कारण पटण्याजोगे असेल आणि ते कागदपत्रांवरून व प्रत्यक्ष पाहणीवरून खरे ठरत असेल, तर सौदा पुढे नेण्यास हरकत नसते. कारण सांगताना विकणारा अडखळत असेल, तर मात्र सावध व्हावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण जुन्या मोटारीला चपखल लागू पडते. समजा, एक गाडी पंचेचाळीस हजारांना मिळत आहे. तिचे चारही टायर झिजलेले आहेत, त्यांना सोळा हजार लागतील. बॅटरीला पाच हजार, क्लचच्या कामाला नऊ हजार आणि ब्रेकच्या दुरुस्तीला पाच हजार. ही बेरीज ऐंशी हजारांवर जाते आणि विमा, नोंदणीचा खर्च व इंधन यांचा विचार अजून व्हावयाचाच असतो. तेव्हा खरी तुलना पंचेचाळीस हजारांची गाडी आणि नवी गाडी यांच्यात नसते. ती ऐंशी हजारांची ही गाडी आणि तेवढ्याच पैशांत मिळणारी दुसरी बरी गाडी यांच्यात असते. शिवाय वर्षातून दहा-बारा दिवसच मोटारीची गरज पडत असेल, तर त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी करणे कितीतरी किफायतशीर ठरते.

तिसरी गोष्ट परीक्षेची. गाडी दिवसाउजेडी पाहावी आणि तिचे इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले काही दोष लपविते. धूर निळसर असेल तर वंगणाचे तेल जळत आहे, असे समजावे. पेट्रोलच्या गाडीचा धूर काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला दिसणारी विरळ वाफ निरुपद्रवी असते. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी सिलिंडरमध्ये झिरपत असण्याचा संभव असतो. ही दुरुस्ती मोठ्या खर्चाची असते. मीटरवर किलोमीटर थोडे दिसतात आणि पायाखालच्या पेडलांचे रबर मात्र पार गुळगुळीत झालेले असते, तेथे मीटर मागे फिरविल्याची शंका घ्यावी. टायरच्या कडेवर चार अंकांचा एक आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन अंक वर्ष सांगतात. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. सर्वांत मोलाची सूचना अशी, की विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला सोबत न्यावे. त्याला दिलेले काही शे रुपये हा खर्च नसून कुंपण आहे.

पुरात बुडालेल्या गाडीची पारख विशेष काळजीने करावी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पुरात सापडलेली गाडी धुऊन पुसून, रंग देऊन पुन्हा उभी करता येते. परंतु विजेच्या तारांत शिरलेला ओलावा वर्षानुवर्षे तिला छळतो. गालिच्याखालील गाळ, आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज आणि बंद काचांमागचा कुबट वास या खुणा सहसा पुसता येत नाहीत.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व चासी यांचे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. गाडीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तो उतरविल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. म्हणून चौदा वर्षांच्या गाडीची स्वस्ताई वर्षभरातच महाग पडू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे गाडी घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत मालकीबदलाची सूचना प्रादेशिक परिवहन कार्यालयाला दिली पाहिजे. विकणाऱ्यावरही ही जबाबदारी आहे. गाडी विकूनही नोंदवहीत जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या जुन्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. तिऱ्हाइताच्या हानीचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. विमा नसलेल्या गाडीने एखाद्या वाटसरूला इजा झाली, तर भरपाईपोटी मालकाचे घरदारही पणाला लागू शकते.

या साऱ्या विचारात एक मर्यादा मात्र कधीही ओलांडता कामा नये. रंग उडाला, काच खाली होत नाही, आसन फाटले, हे दोष किमतीत घासाघीस करण्याचे आहेत. परंतु ब्रेक, सुकाणू आणि गाडीचा सांगाडा यांतील दोष निराळ्या जातीचे आहेत. गंजाने पोखरलेला सांगाडा किंवा दाद न देणारा ब्रेक केवळ मालकाचा घात करीत नाही. रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलालाही त्याची किंमत मोजावी लागते. अशी गाडी दुरुस्त करून घेण्याची ऐपत नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

विकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. गाडीचा दोष आपण होऊन सांगणाऱ्याला कदाचित चार पैसे कमी मिळतील; परंतु ज्या बाजारात खरे बोलणारे अधिक, तेथेच चांगल्या वस्तूला चांगली किंमत येते.

किंमत ही मागणाऱ्याने सांगितलेली रक्कम असते. मोल हे घेणाऱ्याने शोधून काढावयाचे असते. कारण, हिशेब, परीक्षा आणि कागदपत्रे या चारही कसोट्यांना उतरलेली जुनी मोटार साध्या कुटुंबाची अनेक वर्षे इमानाने सेवा करते. त्यांतील एकीलाही ती उतरत नसेल, तर रिकाम्या हाताने परत येणे हाही एक फायद्याचाच सौदा ठरतो.