तंजावरची मराठी भिंत

मुलांनो, तमिळनाडूतल्या हजार वर्षं जुन्या देवळाच्या आवारात मराठी वाचायला मिळतं, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? माझ्या आईचा बसला नव्हता. "काहीतरीच तुझं!" म्हणाली आणि दशम्या बांधायला लागली.

माझा मावसभाऊ तिरुचिरापल्लीला नोकरीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो होतो. तिथून तंजावर साधारण पंचावन्न-साठ किलोमीटर. म्हटलं, इतक्या लांब आलोच आहोत तर दोन दिवस जाऊन येऊ. भाऊ म्हणाला, "मावशी, छत्री घे बरं का!" आपल्याकडे पाऊस संपून थंडी सुरू होते, तेव्हा तिकडे खरा पाऊस सुरू होतो. ईशान्येकडून येणारा मोसमी पाऊस. भूगोलाच्या पुस्तकात मी तो दरवर्षी शिकवते, यंदा अंगावर घेतला.

आता थोडं आईबद्दल. ती चौथीपर्यंत शिकली. पेपर वाचते, पण ओठ हलवत, मनातल्या मनात. चारचौघांत कुणी "जरा मोठ्यानं वाचा" म्हटलं, की तिचा चष्मा हमखास घरी राहिलेला असतो! तंजावरच्या बसस्टँडवर तर ती फारच गप्प झाली. दुकानांवर कुठे कुठे इंग्रजी होतं, पण बसच्या कपाळावर नुसतं तमिळ. गोल गोल, वळणदार, सुंदर अक्षरं, पण आपल्या लेखी नुसती नक्षी. आई म्हणाली, "इथं आले नि पुन्हा अडाणी झाले गं."

मी म्हटलं, "आई, मी पण!" डी.एड. झालेली बाई असून एक अक्षर लागत नव्हतं. पहिलीतली मुलं पहिल्या दिवशी फळ्याकडे कशी बघतात, ते मला त्या बसस्टँडवर कळलं. पालकांनो, अनोळखी लिपीच्या गावात एकदा दोन दिवस राहून बघा. "अजून तुला वाचता कसं येत नाही?" हा प्रश्न घशातच अडकेल.

विचारत विचारत बृहदीश्वराच्या देवळाशी पोचलो. तिथले लोक त्याला 'मोठं देऊळ' म्हणतात आणि ते खरंच मोठं आहे हो! शिखर सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइट दगडाचं. राजराज चोळ या राजाने ते बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. आम्हालाही सांगितलं. चारच्या सुमाराला ढग बाजूला झाले, ऊन पडलं आणि सावली चांगली ऐसपैस पसरली फरसबंदीवर. आईने तिच्यातच बसून पाय मोकळे केले.

देवळाच्या जोत्यावर ओळीच ओळी कोरलेल्या आहेत. ते तमिळ शिलालेख. राजराजाने देवाला काय काय दिलं, ते सगळं त्यांत नोंदवलंय. मला आवडली ती एक नोंद: देवळात नाचणाऱ्या चारशे स्त्रियांची नावं आणि कोण कुठल्या रस्त्यावर, कितव्या घरात राहते, तेही! हजार वर्षांपूर्वीचा हजेरीपटच म्हणा ना.

प्रदक्षिणेच्या वाटेने मागे गेलो. नैर्ऋत्येच्या बाजूला आवाराच्या भिंतीवर पुन्हा अक्षरं. मी मुद्दामच काही बोलले नाही. आई दोन पावलं पुढे गेली, थांबली, पदराने चष्मा पुसला.

"अगं, हे तर आपलं!"

होतंच आपलं. देवनागरी अक्षरं, मराठी भाषा. १८०३ साली सरफोजी राजांनी इथे भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. हा जगातल्या फार मोठ्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत त्यांचे वंशज तिथे गादीवर होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या हातातला राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. त्यानंतर चारच वर्षांत हा लेख कोरला गेला. राज्य गेलं, तेव्हा निदान आपण कोण ते दगडावर राहू दे, असं त्यांना वाटलं असेल का? मला तरी तसं वाटतं.

मराठी दोनशे वर्षांपूर्वीची, अक्षरांची वळणंही जरा वेगळी, त्यामुळे भराभर वाचता येत नाही. आई एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत लावत होती. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, "शिवाजी!" पुढचं अक्षर, त्याच्या पुढचं... आणि मोठ्यानंच वाचत राहिली. अडली की मागे जायची, पुन्हा जुळवायची.

मागे एक तमिळ कुटुंब येऊन उभं राहिलं. त्यातल्या दोन वेण्यांच्या मुलीने मला इंग्रजीत विचारलं, "हे हिंदी आहे का?" आईला 'हिंदी' तेवढं कळलं. ती वळून ठणकावून म्हणाली, "मराठी, मराठी!" मग काय लिहिलंय ते आईने मला सांगायचं, मी त्या मुलीला इंग्रजीत आणि तिने आपल्या आजीला तमिळमध्ये, अशी साखळी सुरू झाली. 'शिवाजी' या शब्दाला मात्र भाषांतर लागलं नाही. आजीने आईच्या हाताला धरलं आणि पलीकडच्या खांबाशी नेलं. तिथे कुणीतरी खिळ्याने स्वतःचं नाव खरडलेलं होतं. आजी तमिळमध्ये रागावून काहीतरी बोलली. आई मराठीत रागावली. दोघींना एकमेकींचं सगळं समजलं!

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय बघितलं. ताडपत्रं आणि हस्तलिखितं मिळून चाळीस हजारांवर, त्यात सुमारे तीन हजार मराठी. सरफोजी राजांना पुस्तकांचं वेड. काशीयात्रेला गेले, तेव्हा तिकडूनही हस्तलिखितं घेऊन आले. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, हाताने रंगवलेल्या डोळ्यांच्या चित्रांसकट, त्यांच्या काळात करून ठेवलेल्या आहेत. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही, की त्यांनी तंजावरला छापखाना काढला आणि त्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. नाव 'बालबोध मुक्तावली'. मुंबईत मराठी पुस्तकांची छपाई नीट सुरू होण्याआधीची ही गोष्ट. म्हणजे तुमचं गोष्टींचं पुस्तक आधी तंजावरात छापलं गेलं, बरं का!

निघताना बाजारातून बाहुल्या घेतल्या. तंजावरची राजा-राणीची बाहुली खाली गोल आणि जड असते. आडवी पाडा, डुलत डुलत पुन्हा उभी राहते. दुसरी नाचरी बाहुली सुट्या भागांची. डोकं, धड, घागरा असे एकावर एक टेकवलेले, त्यामुळे जरासा धक्का लागला तरी मान हलते. वाणसामानाच्या बाबतीत आई पैसा न् पैसा बघते, पण इथे तिने घासाघीस केली नाही. राजा-राणी तिने स्वतःकडे ठेवली. नाचरी माझ्या वर्गातल्या कपाटावर आहे. कुणी दार जोरात आपटलं, की ती मान हलवते आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "बाई, ती नाही म्हणतेय!"